श्रावण पाळतो, म्हणजे दारू ताब्यात आहे का?

(पत्राचा सारांश देत आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

"ताई, माझं वय ४६. एका पतसंस्थेची शाखा सांभाळतो. गेली बारा-तेरा वर्षं रात्री घरीच बसून घेतो. आधी फक्त शनिवारी घ्यायचो, मग एक दिवसाआड, आता रोज एक क्वार्टर. शनिवारी थोडी जास्त होते. पिऊन कधी कुणाला शिवी दिली नाही, बायकोवर हात उचलला नाही, कामावर दांडी नाही, पगार घरात देतो. दरवर्षी श्रावण कडक पाळतो. गटारीला शेवटची घेतली की थेट अनंत चतुर्दशीनंतरच. व्यसनी माणसाला हे जमेल का? तरी बायको म्हणते, तुम्हाला दारू लागलीय, व्यसनमुक्ती केंद्रात चला. गेल्या वर्षी श्रावणाचे पहिले तीन-चार दिवस मात्र जड गेले. झोप नव्हती, घाम यायचा, हात थरथरायचे. पित्त झालं असेल. यंदा अधूनमधून सकाळीही हात थरथरतात, म्हणून दोनदा निघताना दोन घोट घेतले, बरं वाटलं. मुलगी बारावीला आहे. नऊ वाजले की ती खोलीत अभ्यासाला बसते, तिला काही त्रास नाही. मला दारू सोडायची नाही, प्रमाणात कशी प्यावी ते सांगा. श्रावण आठ दिवसांवर आलाय, तो झाल्यावर सुरुवात करीन. गावात सगळे ओळखतात, कुठे जायची लाज वाटते."

नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या ‘आठ दिवसांवर’ या शब्दांनी मला स्वस्थ बसू दिलं नाही. हे सदर छापून येईपर्यंत थांबणं बरं नव्हतं, म्हणून एक गोष्ट तुम्हाला त्याच दिवशी कळवली. इथे ती सगळ्यांसाठी पुन्हा लिहिते. रोज पिणाऱ्या आणि सकाळी हात थरथरणाऱ्या माणसाने गटारीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या मनाने एकदम दारू बंद करू नये. आधी डॉक्टरला भेटावं. दारू सोडू नका असं मी सांगतेय, असा अर्थ कृपा करून काढू नका. ती सोडताना सोबत कुणीतरी जाणतं हवं, एवढंच म्हणणं आहे.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिलं. माझे थोरले मामा रोज प्यायचे. एका आषाढीला पंढरपूरला गेले आणि माळ घालून आले. मामीने गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी त्यांचं अंथरूण घामाने भिजलं, चहाची बशी हातात धरवेना. तिसऱ्या रात्री ते गोधडीवरून काहीतरी वेचायला लागले. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचे, बाजूला टाकायचे, पुन्हा वेचायचे. मामीने विचारलं, काय वेचताय? म्हणाले, मुंग्या. गोधडीवर एकही मुंगी नव्हती. घरच्यांना वाटलं, बाधा झाली. लिंबू उतरवण्यात, अंगारा लावण्यात सगळा दिवस गेला. चौथ्या दिवशी जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं, तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "दारू कधी बंद केली?" मामा वाचले. त्या अवस्थेत वेळेवर उपचार न मिळाल्याने माणसं दगावतात, हे मला फार नंतर कळलं.

माळेवर माझा राग नाही. माळेने कितीतरी घरं सावरली आहेत. पण शरीराचं गणित वेगळं चालतं. दारू मेंदूला रोज गुंगी आणते. ती भरून काढायला मेंदू आपला वेग वाढवून ठेवतो. दारू अचानक काढून घेतली की तो वाढलेला वेग तसाच राहतो. मग हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते, झोप उडते. पहिल्या एक-दोन दिवसांत काहींना फिट येते. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास व्हायला लागतात. केंद्रांमध्ये याला ‘विड्रॉवल’ म्हणतात. तुम्ही ज्याला पित्त म्हणालात ते बहुधा हेच होतं. सकाळी दोन घोट घेतल्यावर बरं वाटलं, कारण शरीर त्या घोटांसाठीच अडून बसलं होतं. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे, आणि तुम्ही ते जाता जाता लिहून गेलात.

आणखी एक. दरवर्षी एकदम बंद करायची, मग पुन्हा सुरू करायची, असं चक्र अनेकदा झालं की पुढच्या खेपेचा त्रास मागच्यापेक्षा वाढत जाण्याची शक्यता असते. गेल्या वर्षी जे थरथरण्यावर भागलं, ते यंदाही तेवढ्यावर भागेल असं धरून चालू नका.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते: श्रावण पाळणारा माणूस व्यसनी कसा?

चव्वेचाळीस दिवस न पिता राहणं सोपं नाही. तुमच्याकडे निग्रह आहे, तो मी कमी लेखत नाही. पुढे तोच उपयोगी पडणार आहे. पण त्या दिवसांबद्दल स्वतःला दोन गोष्टी विचारून बघा. विसर्जनाला किती दिवस उरले, हे तुम्ही मोजत असता का? आणि गटारीच्या रात्री रोजच्यापेक्षा जास्त होते का, पुढच्या महिन्याची बेगमी केल्यासारखी? ज्याला दारूचं विशेष काही नसतं, त्याला शेवटची कधी घेतली हे आठवतही नाही. श्रावणात तुम्ही पीत नाही, पण दारू तुमच्या दिनदर्शिकेत ठाण मांडून बसलेली असते. श्रावण पाळता येतो यावरून तुम्ही ठरावीक काळ थांबू शकता एवढंच कळतं. चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रात्री तुम्ही एका पेगवर थांबू शकता का, हे त्यावरून कळत नाही. तुमच्याच पत्रातली शनिवार, एक दिवसाआड आणि रोज ही चढण बघा. मधल्या बारा श्रावणांनी ती थांबवलेली नाही.

शिवी नाही, मार नाही, दांडी नाही, हे तुम्ही लिहिलंत. मला ते खरं वाटतं. व्यसनी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गटाराकडेला पडलेला, बायकोचं मंगळसूत्र विकणारा ‘बेवडा’ येतो. मग प्रत्येक जण स्वतःला त्या चित्राशी ताडून बघतो आणि म्हणतो, मी तसा नाही. डॉक्टर मात्र असं ताडून बघत नाहीत. ते चार साधे प्रश्न विचारतात. कमी करावी असं कधी वाटलं का? कुणी पिण्यावरून बोललं की राग येतो का? प्यायल्याबद्दल अपराधी वाटतं का? सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हायला घ्यावी लागली का? यातल्या दोनांना ‘हो’ असेल तर नीट तपासणी करून घ्यावी. चौथ्याचं उत्तर तुम्ही आधीच दिलंय. पहिल्याचंही, नाहीतर मला पत्र लिहिलं नसतंत. या तपासणीतून ‘बेवडा’ हा शिक्का मिळत नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असतो, तसं अवलंबित्व हे एका आजाराचं नाव आहे.

प्रमाणाबद्दल तुम्ही विचारलंत, तर तेही मोजू. आपल्याकडची व्हिस्की-रम साधारण ४२.८ टक्के असते. तिच्या ३० मिलिच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. क्वार्टर म्हणजे १८० मिलि, म्हणजे असे सहा पेग, सुमारे ६० ग्रॅम. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सल्ल्याप्रमाणे आठवड्याला ११२ ग्रॅमच्या वर जाऊ नये. तो आठवड्याचा कोटा तुमचा दोन रात्रींत संपतो. यकृताला एक छोटा पेग निपटायला साधारण तासभर लागतो. लिंबूपाणी, कडक कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी त्या वेगात काही फरक पडत नाही. रात्री साडेदहाला संपवलेली क्वार्टर पहाटेपर्यंत रक्तात असते, आणि शनिवारची कदाचित रविवारी सकाळी गाडीला किक मारतानाही. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की तो गुन्हा आहे. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

मग प्रमाणात पिता येईल का? तुम्हाला बरं वाटावं म्हणून गोल उत्तर देणार नाही. ज्यांच्या शरीराला अजून दारू लागलेली नाही, त्यांना कमी करणं जमतं, आणि त्यांनी ते जरूर करावं. पण सकाळी हात थरथरण्यापर्यंत मजल गेली की ‘रोज फक्त दोन’ हे ठरवणारा मेंदू पहिल्या पेगनंतर जागेवर राहत नाही. तुमच्या बाबतीत पूर्ण थांबणं हाच सुरक्षित रस्ता आहे असं मला वाटतं. ‘आयुष्यात पुन्हा कधीच नाही’ हा विचार आज करूच नका. तो कुणालाही पेलत नाही. आजचा दिवस नाही, एवढंच धरा.

ज्यांची वेळ अजून आलेली नाही, अशा वाचकांसाठी इथे थोडं थांबते. दारूची पूर्ण निर्धोक अशी पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं आहे. कर्करोगाला कारणीभूत पदार्थांच्या पहिल्या गटात तिचं नाव १९८८पासून आहे. तेव्हा ‘हृदयाला चांगली’ म्हणून कुणी सुरू करू नये. पीतच असाल तर ‘दोन बोटं’ हे माप सोडा आणि मोजायचा पेला आणा. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचं घरचं ‘दोन बोटं’ आम्ही एकदा औषधाच्या मापाने मोजलं, तर ८५ मिलि भरलं. ते वर्षानुवर्षं त्याला एक पेग समजत होते. आठवड्यातले तीन-चार दिवस पूर्ण कोरडे ठेवा. आधी जेवा. चकण्याला जेवण म्हणू नका. भरायचं काम दुसऱ्याकडे देऊ नका, नाहीतर आग्रहात मोजदाद राहत नाही. झोप येत नाही म्हणून घेऊ नका. दारूने डोळा लवकर लागतो आणि तीन वाजता टक्क उघडतो. झोपेच्या गोळ्यांबरोबर तर कधीच नाही, मधुमेहाच्या औषधांवर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, गरोदरपणात अजिबात नाही. आणि बाळाला सर्दी झाली म्हणून चमचाभर ब्रँडी पाजण्याची पद्धत अजून काही घरांत आहे, ती आजच बंद करा.

आता तुमच्या मुलीबद्दल. ‘नऊ वाजले की ती खोलीत अभ्यासाला बसते.’ हे वाक्य मी चार-पाचदा वाचलं. तुम्ही साडेआठला बसता, असं बाकीच्या मजकुरावरून दिसतं. म्हणजे पहिले दोन पेग संपले की ती उठते. अभ्यास असेलही, बारावीचं वर्ष आहे. पण अशा घरांतल्या मुलांशी मी बरंच बोलले आहे. त्यातली एक मुलगी म्हणाली होती, "बाबा ओरडत नाहीत, फक्त तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतात आणि मला पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसावं लागतं." दुसऱ्या एका मुलाला ग्लासात बर्फ पडल्याच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार ते कळायचं. तुमची मुलगी काय म्हणेल ते मला ठाऊक नाही. तुम्हालाही नसावं, कारण विचारलेलं दिसत नाही. एखाद्या रविवारी सकाळी, कोरडे असताना विचारा. ती गप्प राहिली तर जोर करू नका.

बायकोच्या बाजूनेही थोडं लिहिते, कारण हे सदर तीही वाचत असेल. ताई, तुम्हाला व्हॉट्सअॅपवर ‘न कळत चहात टाका, दारू सुटेल’ अशी पावडर कुणी सुचवली असेल, तर ती घरात आणू नका. अशा पुड्यांत काय असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं. दारूबरोबर घेतल्यावर उलटवणारं डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण ते रुग्णाच्या संमतीने, तपासण्या करून, डॉक्टरच देतात. त्याच्या नकळत दिलं आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. बाटल्या लपवणं, ओतून देणं, ऑफिसात ‘यांना ताप आहे’ असा फोन करणं, यात तुमची ताकद खर्ची पडते आणि दारूचं काही बिघडत नाही. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या सभा असतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. नवरा यायला तयार असो वा नसो, तुम्ही जाऊ शकता.

मदत कुठे मिळते? पहिली पायरी केंद्राची असावी लागत नाही. कुठलाही मानसोपचारतज्ज्ञ किंवा जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग विड्रॉवलची औषधं देतो. ही औषधं साधारण आठवडाभर, कमी कमी करत जाणारी असतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व असतं. रोज पिणाऱ्यांच्या शरीरात ते कमी पडतं आणि त्याअभावी स्मरणशक्तीला कायमची इजा होऊ शकते. त्रास सौम्य असेल तर घरी राहून होतं. आधी फिट येऊन गेली असेल, भास झाले असतील किंवा यकृत बिघडलं असेल, तर दाखल व्हावं लागतं. नंतर पिण्याची ओढ कमी करणारी औषधंही मिळतात.

ओढ, म्हणजे ‘क्रेव्हिंग’, महिनोन् महिने येत राहते. तिला तोंड देण्यासाठी माणसं लागतात. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. तिथला निवासी उपचार साधारण पाच आठवड्यांचा असतो, आणि तुम्हाला चहा देणारा, रांगेत उभा करणारा कार्यकर्ता बरेचदा स्वतः त्यातून बाहेर पडलेला असतो. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं ‘परिवर्तन’ आहे. मुंबईच्या वांद्र्यात फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते स्वतः दारूतून बाहेर आलेले. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या गटाच्या सभा आपल्याकडे बहुतेक मोठ्या गावांत होतात, मराठीतही होतात. फी नाही, नोंदवही नाही, आडनाव सांगावं लागत नाही. पहिल्या दिवशी फक्त मागच्या खुर्चीवर बसून ऐका. कुणाशीही बोलण्याआधी नुसतं विचारायचं असेल तर १४४४६ हा केंद्र सरकारचा नशामुक्तीचा मोफत क्रमांक आहे आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा. मराठीत बोललं तरी चालतं.

गावात लाज वाटते म्हणालात. तर शेजारच्या जिल्ह्यातला डॉक्टर निवडा, त्यात काही वावगं नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूच्या अशा आजाराला मानसिक आजारांत धरलं आहे आणि उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. तुमची संमती नसताना डॉक्टर तुमच्या चेअरमनला काही सांगू शकत नाहीत. तसंही, रोज रात्री कुठल्या दुकानातून काय येतं हे गावाला बहुधा माहीतच असतं. कळायचं राहिलंय ते तुम्ही उपचार घेताय एवढंच.

मधे कधी घसरलात, पुन्हा घेतलीत, तर आजवरचं सगळं पाण्यात गेलं असं समजून बाटली संपवू नका. त्याच रात्री डॉक्टरला किंवा गटातल्या मित्राला फोन करा. लपवलेली घसरण पुढे महिनाभर चालते.

डॉक्टरकडे जाताना बायकोला बरोबर न्या. ते विचारतील, रोज किती? तुम्ही ‘थोडी’ म्हणाल, बहुतेक जण तसंच म्हणतात. आकडा तिला सांगू द्या. सकाळच्या त्या दोन घोटांचं मात्र तुम्हीच सांगा. भेट मिळेपर्यंत मनाने एकदम तोडू नका आणि वाढवूही नका. त्याआधीच फिट आली, भास झाले किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर अंगारा नको, पित्ताची गोळी नको, थेट दवाखाना. आणि औषधं सुरू असताना पोट रिकामं ठेवायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं. त्यामुळे पहिल्या श्रावणी सोमवारचा उपास यंदा सोडा. दोन्ही वेळ नीट जेवा आणि जेवणावर गोळी घ्या.